नगराध्यक्षांना प्रश्न विचारायला जाताय? मग आधी हे बघून घ्या

नगरपंचायतीच्या हॉलमध्ये नागरिकांसाठी प्रश्नोत्तरांची सभा लागली की पहिला अर्धा तास कशात जाणार हे आता आम्हाला पाठ झालंय. एकजण उठतो, रेशनकार्डावरून सुनेचं नाव उडालं म्हणून. दुसरा उठतो, सातबाऱ्यावर वारसनोंद होत नाही म्हणून. तिसऱ्याच्या घरात हायवेच्या गटाराचं पाणी. नगराध्यक्ष प्रत्येकाला "बघतो, बोलतो साहेबांशी" म्हणतात, सगळे माना डोलावतात, आणि यातलं एकही काम नगरपंचायतीचं नसल्यामुळे पुढच्या सभेला तेच तीन जण तेच तीन प्रश्न घेऊन हजर. गावाची नगरपंचायत झाली तेव्हा बोर्ड बदलला, शिक्के बदलले, पण आता कुठल्या कामाला कुठलं दार वाजवायचं हे लोकांना कोणी बसवून सांगितलंच नाही.

तर हे त्यांच्यासाठी. कालपर्यंत ग्रामपंचायतीत असलेल्या वाड्यांतली मंडळी, मुंबईची नोकरी संपवून गावच्या घरात राहायला आलेले चाकरमानी, आणि स्टँडजवळ नवीन फ्लॅट घेतलेले बाहेरचे लोक, ज्यांना आपण कुठल्या प्रभागात येतो हेही अजून माहीत नाही. सगळं एका दमात वाचायची गरज नाही, आपल्या प्रश्नापुरतं वाचलं तरी चालेल, फक्त दुसरी पायरी सोडू नका.

आधी थोडं मागचं

२०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या ठरवल्या, त्यात आपल्या कोकणातली कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग, मंडणगड, म्हसळा, तळा, पोलादपूर अशी बरीच नावं आली. कायद्यात तसा लोकसंख्येचा निकष १० हजार ते २५ हजार असा आहे, पण तालुक्याचं ठिकाण म्हणून त्याच्या कितीतरी खालची गावंही शहर झाली. त्यामुळे आपल्याकडे गंमत अशी की कागदावर शहर आणि घराच्या मागे आंब्याची कलमं, पुढे दगडी गडगा, मधून व्हाळ म्हणजे ओढा. नियम शहराचे लागतात. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

घटनेत हे ७४ व्या दुरुस्तीत आहे, राज्यात १९६५ चा नगरपरिषदा-नगरपंचायतींचा कायदा लागतो. ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा होता, त्यामुळे "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य सभेत कितीही जोरात म्हटलं तरी त्याचा उपयोग शून्य.

पहिली पायरी: समोर बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते ओळखा

सरपंच आणि ग्रामसेवक ही जोडी आपल्याला सवयीची. आता तिथे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी आले. नगराध्यक्ष लोकांतून येतात, मुख्याधिकारी सरकारचे नोकर, बदली होऊन येतात आणि बदली होऊन जातात. ठराव करायचा सभेनं, अंमलबजावणी करायची मुख्याधिकाऱ्यांनी. बिलावर, परवानगीवर, नोटिशीवर सही मुख्याधिकाऱ्यांची असते. म्हणजे "माझी फाईल का अडली" हा प्रश्न नगराध्यक्षांना विचारलात तर ते फार तर मान वळवून मुख्याधिकाऱ्यांकडे बघतील, आणि मुख्याधिकारी त्या दिवशी जिल्ह्याला मीटिंगला गेलेले असले तर विषय संपला. म्हणून सभेला जाण्याआधी फोन करून मुख्याधिकारी बसणार आहेत का तेवढं विचारा.

दुसरं, तुमचे नगराध्यक्ष निवडून कसे आले ते बघा. हा नियम राज्यात इतक्यांदा उलटासुलटा झालाय की लोक गोंधळले तर नवल नाही. २०१६ ला थेट जनतेतून केला, २०२० ला रद्द, २०२२ ला परत आणला. त्यामुळे २०२१ च्या डिसेंबरात आणि २०२२ च्या जानेवारीत ज्यांची निवडणूक झाली, म्हणजे कुडाळ, देवगड-जामसंडे, वैभववाडी, दोडामार्ग वगैरे, तिथे नगरसेवकांनी आपल्यातून नगराध्यक्ष निवडला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जिथे मतदान झालं, कणकवली, लांजा, देवरुख, गुहागर, तिथे लोकांनी दोन मतं दिली, एक आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि एक थेट नगराध्यक्षाला.

याचा तुमच्या प्रश्नाशी काय संबंध म्हणाल तर खूप आहे. नगरपंचायतीत १७ प्रभाग, १७ नगरसेवक, वर स्वीकृत, म्हणजे लोकांतून निवडून न येता सभेत घेतलेले, ज्यांना मत नसतं. नगरसेवकांनी निवडलेल्या अध्यक्षाचं लक्ष कायम बहुमताच्या नऊच्या आकड्यावर असतं, कोण नाराज आहे कोण फुटतोय. थेट निवडून आलेल्याला ती धास्ती कमी, पण सभेत बहुमत दुसऱ्या पार्टीचं असलं तर त्यानं भर सभेत तुम्हाला शब्द दिला तरी ठराव पास होईलच असं नाही. दोन्ही बाबतीत मथितार्थ हाच की नुसता अध्यक्षांचा शब्द घेऊन घरी येऊ नका, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आधी गाठा. आपल्याकडे कित्येक प्रभागांत मतदार काही शे, त्यात नगरसेवक मूठभर मतांनी येतो, तो तुमचं ऐकतो. ऐकावंच लागतं त्याला.

प्रभाग कुठला ते मतदार यादीत बघा. वाडीवरून अंदाज बांधू नका, प्रभाग लोकसंख्येच्या हिशोबानं पाडतात त्यामुळे एकाच वाडीची अर्धी घरं एका प्रभागात आणि व्हाळापलीकडची दुसऱ्यात असं सर्रास होतं.

दुसरी पायरी: प्रश्न कोणाचा ते ठरवा

हीच खरी पायरी, बाकी सगळं वरचं मीठमसाला.

नगरपंचायतीचं काय? घरपट्टी, नळपाणी, रस्त्यावरची लाईट, गावातले अंतर्गत रस्ते, पाणंदी, गटारं, कचरा, स्मशान, बाजार आणि मच्छीमार्केटची जागा, बांधकाम परवानगी, जन्म-मृत्यूची नोंद, विकास आराखडा. याच्यावर बिनधास्त विचारा, हक्कानं विचारा.

सातबारा, वारसनोंद, फेरफार हे महसूलचं, नगरपंचायत झाली म्हणून तलाठी कुठे जात नाही, तुमचा सातबारा जिथे होता तिथेच आहे. रेशनकार्ड तहसीलदारांच्या पुरवठा शाखेत. घरातली वीज आणि बिल महावितरणचं, पण रस्त्यावरच्या पोलवरचा दिवा नगरपंचायतीचा, हा फरक लोकांना कधीच कळत नाही आणि वायरमन त्याचा बरोबर फायदा घेतो. जिल्हा परिषदेची शाळा अजून जिल्हा परिषदेचीच आहे, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही हेही नगराध्यक्षांच्या हातात नाही. जेटी, बंदर, फेरी असलं काही असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ. मासेमारीचे परवाने, डिझेल परतावा मत्स्यव्यवसाय खात्यात. हायवेचं काम हायवेवाल्यांकडे.

मग हे प्रश्न नगराध्यक्षांना विचारायचेच नाहीत का? विचारा, पण वेगळ्या तऱ्हेनं. "हायवेच्या गटाराचं पाणी आमच्या वाडीत येतं, नगरपंचायतीनं संबंधित खात्याला पत्र दिलंय का, दिलं असेल तर जावक क्रमांक सांगा, नसेल तर देणार का?" असं विचारलंत की उत्तर हो किंवा नाही यातच द्यावं लागतं. "पाणी येतं हो, काहीतरी करा" याला उत्तर "करतो" एवढंच मिळतं, ते आजवर भरपूर मिळालंय.

तिसरी पायरी: नेहमीचे प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं

सगळ्यात आरडाओरडा घरपट्टीवरून, तेव्हा तीच आधी घेऊ.

ग्रामपंचायतीत घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर काढायचे. नगरपंचायतीत सर्वसाधारणपणे करयोग्य मूल्यावर, म्हणजे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं तो आकडा धरायचा, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर. "मी कुठे घर भाड्यानं दिलंय?" हा प्रश्न दर सभेत येतो, तर दिलं नसलं तरी भाडं धरतात, हिशोबाची पद्धत आहे ती. घर बंद असलं म्हणून पट्टी माफ होत नाही. शिवाय बिलात शिक्षण कर दिसेल, दुकानगाळा असेल तर रोजगार हमी कर दिसेल, ते सरकारचे, नगरपंचायत फक्त वसूल करून देते, त्यावरून नगराध्यक्षांशी भांडू नका.

आता नीट लक्ष द्या. कराचा टक्का किती ठेवायचा हे सभा ठरवते, पण तुमच्या घराचं मूल्य किती धरायचं हे नगररचना खात्याकडून नेमलेला मूल्यनिर्धारण अधिकारी ठरवतो. म्हणजे "कर जास्त आहे" हे दोन वेगळे प्रश्न झाले. टक्का जास्त वाटत असेल तर नगराध्यक्षांना विचारा. तुमच्या एकट्याच्या घराचं बिल शेजाऱ्यापेक्षा दुप्पट आलं असेल तर सभेत उभं राहून उपयोग नाही, तिथे लेखी हरकत लागते.

हरकत कशी घ्यायची? नवीन आकारणी झाली (दर चार वर्षांनी करायची असते) की यादी लावतात, नोटीस येते, त्यात हरकतीची शेवटची तारीख असते. ती तारीख गेली की मग रडून काही होत नाही. आकारणीचा उतारा मागून घ्या आणि आपलं घर त्यावर कसं लिहिलंय ते टेप घेऊन तपासा, चेष्टा नाही, खरंच टेप घ्या. मोजणीला आलेली पोरं बहुतेक एजन्सीची असतात, त्यांना कोकणातलं घर कळतंच असं नाही. पडवीची खोली होते, लाकडं ठेवायचा मांगर राहत्या घरात धरला जातो, चिऱ्याचं कौलारू घर आरसीसीच्या रकान्यात जाऊन बसतं. आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे वापराचा रकाना. गेटवर "घरगुती राहण्याची सोय" अशी पाटी लावली असेल तर अख्खं घर वाणिज्य लिहून टाकलेलं मी बघितलंय, खोल्या दोनच पर्यटकांना देत असाल तर तेवढ्याच वाणिज्य धरा, बाकी निवासी करा अशी हरकत द्या, सोबत साधा हातानं काढलेला नकाशा आणि फोटो. सुनावणीला स्वतः जा. मुंबईहून येणं होत नसेल तर भावाला, पुतण्याला अधिकारपत्र देऊन पाठवा, कोणीच गेलं नाही तर हरकत फेटाळली असा शेरा पडतो आणि पुढची चार वर्षं तेच बिल.

ग्रामपंचायतीच्या काळातला घरपट्टीचा जुना नमुना ८ चा उतारा जपून ठेवा. नवीन मालमत्ता क्रमांक मिळाला तरी जुन्याशी जोड लागते, विशेषतः घर किती सालचं आहे हे दाखवायला. आणि एक गैरसमज काढून टाका, घरपट्टी आपल्या नावावर आहे म्हणजे घराची मालकी आपली असं होत नाही, ना पूर्वी होत होतं ना आता.

दुसरा मोठा विषय बांधकाम. पूर्वी ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायचा आणि पाया खणायचा अशी रीत होती. आता नगरपंचायत ही १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नियोजन प्राधिकरण आहे आणि डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकच एकत्रीकृत नियमावली लागते, इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून प्लॅन, मोजणीचा नकाशा, मग परवानगी. परवानगीशिवाय नुसती पडवी वाढवली आणि शेजाऱ्यानं अर्ज दिला (कोकणात शेजारी अर्ज देतोच) तरी नोटीस येऊ शकते.

इथे आपला खास कोकणी प्रॉब्लेम म्हणजे सामाईक सातबारा. चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, काही कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही, आणि परवानगीला सहहिस्सेदारांची संमती लागते. यावर नगराध्यक्षांकडे जादूची कांडी नाही, कोणी सभेत "करून देतो" म्हणालाच तर जरा सांभाळूनच राहा. आधी वारसनोंदी, मग वाटप, मग प्लॅन. वेळ जातो. गणपतीत सगळे गावात असतात तेव्हाच संमतीपत्रं उरकून घेतात शहाणी माणसं, आरती झाल्यावर, जेवणाआधी. जेवणानंतर जुने विषय निघतात.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न: "आता आम्ही शहर झालो, मग सीआरझेड सुटला का?" म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम. नाही. नगरपंचायतीचा बोर्ड लागला म्हणून समुद्र मागे जात नाही. तुमची जागा कुठल्या वर्गात आहे हे मंजूर किनारपट्टी व्यवस्थापन नकाशावरून ठरतं. शहरी हद्दीतला, चांगली वस्ती झालेला भाग दोन नंबरच्या वर्गात येतो आणि ग्रामीण भाग तीनमध्ये, हे खरं, पण तो शिक्का नकाशावर पडलेला असावा लागतो. २०१९ च्या अधिसूचनेत तीनचेही दोन भाग केलेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, त्याखाली असेल तर २०० मीटर. खाडीकाठाचा हिशोब वेगळा आहे. तेव्हा नगराध्यक्षांना विचारायचा बरोबर प्रश्न असा: "आमच्या प्रभागाला सध्या कुठला मंजूर नकाशा लागू आहे आणि तो कार्यालयात बघायला मिळेल का?" बघायला मिळाला तर सर्व्हे नंबर शोधा, मोबाईलवर फोटो काढून आणा. होमस्टेवाल्यांना एक दिलासा, त्याच अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्या घरात, जोतं आणि बाहेरचं रूप न बदलता, होमस्टे चालवायला वाट ठेवलेली आहे. जोतं न बदलता हे शब्द मात्र विसरू नका, मागच्या बाजूनं एक स्लॅब टाकला की ती वाट बंद.

याच्याच शेजारचा विषय विकास आराखडा. नगरपंचायत झाली की कधी ना कधी आराखडा होतो, त्यात रस्ते, बाग, पार्किंग, मैदान अशी आरक्षणं पडतात आणि ती तुमच्या कलमांच्या बागेवरही पडू शकतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात. जाहिरात पेपरात आणि राजपत्रात येते, अंधेरीत राहणाऱ्या तुमच्या काकांपर्यंत ती पोचत नाही. म्हणून प्रत्येक सभेत हा एक प्रश्न ठेवाच, कोणीतरी एकानं तरी, की आराखड्याचं काम कुठवर आलं, विद्यमान जमीन वापराचा नकाशा झाला का. कंटाळा येईल, तरी विचारा.

बाकीचे पटापट. घरकुल: ग्रामीण आवास योजना गावाला, आपल्याला शहरी आवास योजना, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, पण जागा नावावर पाहिजे, म्हणजे परत तो चाळीस नावांचा सातबारा. ग्रामीण रोजगार हमीचं काम शहर झाल्यावर मिळत नाही, हा मजुरी करणाऱ्या घरांना खरोखर बसलेला फटका आहे आणि तो कोणी सभेत बोलत नाही कारण ती माणसं सभेला येतच नाहीत. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला आता आपलं मत नाही, त्या निवडणुकीत यादीत नाव शोधत फिरू नका. जन्म-मृत्यूची नोंद नगरपंचायतीत, २१ दिवसांच्या आत कळवा म्हणजे भानगड राहत नाही, जुनी रजिस्टरंही तिथेच आलेली असतात. कचरा ओला-सुका वेगळा द्यायचा, आणि याबाबतीत "आपल्याकडे शक्य नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा वेंगुर्ल्याला जाऊन यावं, तिथे ते करून दाखवलंय.

ग्रामसभा मात्र गेली. वर्षाला निदान चार व्हायच्या, गावातला कोणीही उठून सरपंचाला आडवा घ्यायचा, ते आता नाही. नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा असते, बसून ऐकता येतं, बोलता येत नाही. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ती आपल्याकडे घेतल्याचं फार कोणी ऐकलेलं नाही. त्यामुळे नगराध्यक्ष लोकांसमोर येऊन प्रश्न घेतात ही सभा त्यांच्या मर्जीवर चालते. माझ्या मते या सगळ्या बदलात आपलं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय, पट्टी दोनशे रुपयांनी वाढली त्यापेक्षा मोठं. म्हणून अशी सभा लागली तर ती रेशनकार्डात वाया घालवू नका एवढंच म्हणणं.

चौथी पायरी: प्रश्न कागदावर उतरवा

आमच्या शेजारच्या प्रभागातल्या एक आजी पाणंदीतली लाईट लागत नाही म्हणून सभेत उभ्या राहिल्या. नगरसेवक म्हणाला, "आये, नुसती लाईट लाईट म्हणा नको, पोलाचो नंबर सांग." आजी म्हणाल्या, "पोलार नंबर खय असता रे?" "काळ्या ऑइलपेंटान लिवलेलो असता, बघून ये." आजी खरोखरच उठून गेल्या, नातवाकडून फोटो काढून घेऊन आल्या, अर्जाला जोडला, आणि त्या पाणंदीत लाईट लागली. बाकीच्यांच्या पाणंदी अजून काळोखातच आहेत, त्यांनी नंबर दिला नव्हता म्हणून नाही फक्त, पण तेही एक कारण आहेच.

तर कागदावर काय पाहिजे? प्रभाग क्रमांक, मालमत्ता क्रमांक, जागा नेमकी (अमक्याच्या दुकानासमोर, साकवाच्या अलीकडे, असं चालतं), कधीपासून, फोटो, आणि तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते एका वाक्यात. एका अर्जात एकच विषय. पाणी, लाईट, गटार तिन्ही एकाच कागदावर लिहिलंत की तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि तिसऱ्या टेबलावर झोपतो. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. क्लार्क म्हणेल "ठेवून जा, नंतर मारतो." नंतर नाही, आत्ता. चहा प्यायला गेला असेल तर थांबा.

पाचवी पायरी: सभेत बोलताना

प्रश्न दोन मिनिटांत विचारा. गावची परंपरा, आजोबांनी विहिरीला दिलेली जागा, मागच्या निवडणुकीत कोणी काय म्हटलं होतं हे सगळं खरं असतं पण तोवर अध्यक्ष फोन बघायला लागतात. आवक नंबर वाचून दाखवा, नेमकं विचारा, आणि शेवटी एकच: "हे कधीपर्यंत आणि कोणाच्या टेबलावर आहे?" नाव आणि तारीख मिळाली की तिथेच सगळ्यांसमोर वहीत लिहा. पेन उघडलेलं दिसलं की उत्तरं जरा नीट येतात.

मोठ्या खर्चाचं काम असेल, साकव, पाण्याची टाकी, स्मशानाची शेड, तर पावसाळ्यात विचारून उपयोग नाही, बजेट जानेवारी-फेब्रुवारीत होतं, त्याआधी दिवाळीच्या सुमारास नगरसेवकाकडून विषय सुचवायला लावा. एकदा बजेटात नाव लागलं की पुढच्या सभांत विचारायला धागा राहतो.

आणि मानाचा प्रश्न. अध्यक्ष तुमच्या भावकीतले असतील, तुमच्या पोराच्या वयाचे असतील, शिमग्याला एकत्र नाचला असाल, तरी सभेत "अध्यक्ष महोदय" म्हणा, "अहो" म्हणा. घरी काय ते "बाळू" म्हणा. सभेत एकदा अरेतुरे झालं की विषय पाण्याचा राहत नाही, घराण्याचा होतो. बाईमाणूस अध्यक्ष असेल (निम्म्या जागा महिलांना आहेत तेव्हा असेलच कुठे ना कुठे) तर प्रश्न त्यांनाच विचारा, शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांना नाही. यजमान उत्तर द्यायला लागले तर "ताईंकडून ऐकायचंय" एवढं शांतपणे म्हणायचं.

सहावी पायरी: उत्तर मिळालं नाही तर

दाखला, उतारा, नळजोडणी असली सेवा असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. किती दिवसांत मिळणार, कोण देणार, अपील कोणाकडे याचा बोर्ड कार्यालयात लावायचा असतो, तो कपाटामागे असेल तरी शोधा. आपले सरकार पोर्टलवर अर्ज केलात तर तारीख आपोआप नोंद होते. मुदतीत नाही मिळालं तर पहिलं अपील, दुसरं अपील, शेवटी आयोग, आणि कारण नसताना अडवल्याबद्दल अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाची नुसती भाषा काढली तरी बरीच कामं पुढे सरकतात.

ठराव झाला म्हणतात पण दिसत नाही, किंवा रस्त्याचं बिल निघालं आणि रस्ता नाही, अशा वेळी माहितीचा अधिकार. १० रुपये फी, ३० दिवस. "रस्त्याचं काय झालं" असं विचारू नका, ठरावाची प्रत, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, बिलाची प्रत मागा. कागद मागितले तर कागद मिळतात, खुलासा मागितलात तर "माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" असं एका ओळीचं पत्र येतं.

आणि सभेनं सरळसरळ बेकायदा ठराव केला असं वाटत असेल, म्हणजे मैदानाची जागा कोणाच्या तरी घशात घालायला निघालेत असं काही, तर नगरपरिषद कायद्याच्या ३०८ कलमाखाली जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात. अर्ज ठरावाच्या प्रतीसकट द्या, एकट्याच्या सहीनं देण्यापेक्षा वाडीतल्या पाच-दहा जणांच्या सह्या घ्या, आणि सह्या घेताना प्रत्येकाला वाचून दाखवा, नाहीतर ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी लागल्यावर निम्मे जण म्हणतात आम्हाला काय माहीत कशावर सही घेतली.